पंधरा फेनिगांचा सण

वर्तमानपत्र ही सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर घरात येणारी आणि संध्याकाळी शिळी होणारी वस्तू. दुसऱ्या दिवसापासून ते फडताळात अंथरायला, चिवड्याच्या डब्याखाली घालायला आणि महिनाअखेर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकायला उपयोगी पडते. यात त्याचा काही अपमान आहे असे मला वाटत नाही. पण छापखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच शिळे झालेले वर्तमानपत्र कोणी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे. एकदोन नव्हे, चाळीस वर्षांचे ढीग पाहिले आहेत.

पूर्व जर्मनी नावाचा एक देश १९४९ ते १९९० या काळात पृथ्वीच्या पाठीवर होता. कागदोपत्री नाव जर्मन लोकशाही प्रजासत्ताक. लोकसंख्या कोटी-दीड कोटीच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या महानगराएवढी. या देशाचे सरकारी सणाचे दिवस जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांनी कसे साजरे केले, हे पाहण्याचा नाद मला लागला. नाद चमत्कारिक आहे खरा. पुण्यात उमेदीच्या वयात थोडेफार जर्मन शिकलो होतो. निवृत्तीनंतर लाइपझिगला काही आठवडे राहण्याचा योग आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसण्याची सवय जडली. १९१२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय जर्मन भाषेत छापलेला प्रत्येक कागद जपून ठेवते. आपण ज्याला रद्दी म्हणतो त्यालाही तिथे क्रमांक मिळतो.

आधी या पत्रांची थोडी कुळकथा सांगतो. १९५२ साली तिथल्या सरकारने जुनी राज्ये मोडली आणि देशाचे चौदा जिल्हे पाडले. पूर्व बर्लिन वेगळे. जिल्हा म्हणजे आपल्याकडचा एखादा महसुली विभाग म्हणा. प्रत्येक जिल्ह्याला सत्ताधारी पक्षाचे एक दैनिक. नावे पाहा: एर्फुर्टचे ‘जनता’, हाले येथील ‘स्वातंत्र्य’, मागडेबुर्गचा ‘लोकांचा आवाज’, झूलचा ‘मोकळा शब्द’, नॉयब्रांडेनबुर्गची ‘मुक्त भूमी’, कार्ल-मार्क्स-श्टाटचे ‘स्वतंत्र वृत्तपत्र’. (नावांचे मराठी मी केले आहे.) मथळ्याच्या पाटीवरच इतके स्वातंत्र्य खर्ची पडल्यावर आतल्या पानांसाठी शिल्लक राहणार कोठून? अंकाची किंमत पंधरा फेनिग, म्हणजे जवळजवळ फुकट. खप मात्र प्रचंड. कार्ल-मार्क्स-श्टाटच्या पत्राचा खप सहा लाखांवर होता.

लाइपझिगच्या पत्राची गोष्ट त्यातल्या त्यात जिव्हारी लागणारी. ‘लाइपझिगर फोल्क्सत्साइटुंग’ हे पत्र १८९४ सालचे. बादशहाच्या अमदानीत, खटले आणि तुरुंग सोसून चाललेले कामगारांचे पत्र. फ्रांत्स मेरिंग त्याचा संपादक होता, रोझा लुक्झेम्बुर्ग त्यात लिहीत असे. वाद घालावा, सत्ताधाऱ्यांची झोप उडवावी, यासाठीच ते जन्माला आले होते. पुढे कामगारांचे राज्य म्हणवणारी सत्ता आली आणि हे पत्र तिच्या सणांची निमंत्रणपत्रिका होऊन बसले.

निमंत्रणपत्रिका हा शब्द मी उगाच वापरला नाही. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत जसे कोणाचे नाव कोणाच्या खाली, कोणामागे रावबहादूर आणि कोणामागे नुसते रा. रा. याचा घोळ आठवडाभर चालतो, तसा त्या पत्रांत रोज चाले. देशाचे प्रमुख एरिख होनेकर. पण नुसते होनेकर लिहायची सोय नव्हती. ‘जर्मनीच्या समाजवादी एकता पक्षाच्या केंद्रीय समितीचे सरचिटणीस आणि जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाच्या राज्य परिषदेचे अध्यक्ष एरिख होनेकर’ असे लिहायचे. परदेशी पाहुण्याला भेटले की पुन्हा तेच, कारखान्याला भेट दिली की पुन्हा तेच. रकान्याच्या चार-पाच ओळी आपोआप भरत. संपादकाच्या दृष्टीने ही सोयच म्हणायची!

वर्षाचे मोठे सण दोन. १ मे हा कामगार दिन आणि ७ ऑक्टोबर हा प्रजासत्ताकाचा वाढदिवस. आपल्या महाराष्ट्राचा वाढदिवसही १ मेलाच येतो, १९६० पासून. पण आपल्याकडे त्या दिवशी कोणी घरोघर हजेरी घेत नाही. तिथे घेत. कारखान्याचा, शाळेचा, कचेरीचा एकेक गट ठरलेल्या कोपऱ्यावर जमायचा, कोटाला कागदी तांबडे कार्नेशन लावायचे आणि व्यासपीठावरून चालत जायचे. हातात धरायच्या छोट्या झेंड्यांना सरकारी भाषेत फार गोड नाव होते: ‘हलवण्याची साधने’. अशा शब्दांचा मी एक छोटासा संग्रह केला आहे.

वर्तमानपत्रातला सण मात्र रस्त्यावरच्या सणाआधी काही आठवडे सुरू होई. केंद्रीय समिती १ मेच्या घोषणांची यादी प्रसिद्ध करी. घोषणा डझनावारी, त्याही क्रमांक घातलेल्या. मिरवणुकीतल्या कापडी फलकावर काय लिहायचे ते या यादीतून घ्यायचे. मनाने काही रचायचे नाही. म्हणजे लोकांनी १ मेला उत्स्फूर्तपणे काय म्हणायचे ते एप्रिलमध्येच सर्वांना वाचायला मिळे. त्यापाठोपाठ कारखान्यांच्या प्रतिज्ञा येत. अमुक गिरणी सणाच्या सन्मानार्थ ठरल्यापेक्षा इतके टक्के जादा सूत काढणार, तमुक सहकारी शेत इतके जादा दूध देणार. मग सणाच्या दिवशी तांबड्या शाईचा मथळा, पानभर अग्रलेख, पदके मिळालेल्यांची नावे. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीचे छायाचित्र: खांद्यावर बसलेले मूल, हसणारी तरुणी, व्यासपीठावरचे हात. एका वर्षाचा अंक दुसऱ्या वर्षाच्या तारखेने खपवला असता तर किती जणांच्या लक्षात आले असते कोण जाणे. व्यासपीठावरच्या टोप्या तेवढ्या बदलतात.

हे सारे घडवून आणण्यासाठी तिथे वर्तमानपत्रांवर पहारा ठेवणारी सेन्सॉरची कचेरी होती असे आपल्याला वाटेल. नव्हती! राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमात वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी दिलेली होती. सोय वेगळीच होती. देशातली आणि जगातली बातमी देणारी वृत्तसंस्था एकच, ती सरकारी. सणाचा मुख्य मजकूर तिच्याकडून तारयंत्रावर शब्दशः येई, आणि तो कोणत्या पानावर किती मोठा छापायचा याची सूचनाही येई. पक्षाच्या मुख्य दैनिकाचे पहिले पान तर होनेकर पुष्कळदा स्वतः डोळ्यांखालून घालीत. जिल्ह्याच्या पत्रावर जिल्ह्याच्या पक्षचिटणिसाची नजर. आणि संपादक मंडळी तयार होत ती लाइपझिगच्याच विद्यापीठात. त्या विभागाला लोक ‘तांबडा मठ’ म्हणत. वर्तमानपत्र हे प्रचारक, चेतवणारे आणि संघटक असते हा लेनिनचा १९०१ सालचा विचार तिथे पहिल्या धड्यापासून शिकवला जाई. मठातून बाहेर पडलेल्या माणसाला कात्री हातात घ्यावी लागत नसे, ती डोक्यातच बसवलेली असे.

आता वाचकांचे काय? लोक काही मूर्ख नव्हते. मी ज्यांच्या घरी राहत होतो त्या बाई ऐंशी ओलांडलेल्या, हयातभर शाळेत गणित शिकवलेल्या. मी ग्रंथालयातून सणांचे अंक पाहून येतो हे ऐकून त्यांना प्रथम हसू आले. “ती पहिली पाने तुम्हीच वाचत असाल,” त्या म्हणाल्या, “आम्ही कधी वाचली नाहीत. आम्ही पत्र मागून उघडायचो.” मागे काय असे? मृत्यूच्या वार्ता, हवामान, फुटबॉलचे निकाल, आणि मुख्य म्हणजे छोट्या जाहिराती. जुनी ट्राबांट गाडी विकणे आहे. दोन खोल्यांच्या बदल्यात तीन खोल्या हव्यात. मुलाची सायकल देऊन शिवणयंत्र घेऊ. देश खरोखर कसा चालला आहे हे त्या बारीक टाइपात कळे. नव्या गाडीसाठी दहा-बारा वर्षे थांबावे लागते हे अग्रलेखात कधी आले नाही, पण जुन्या गाडीची मागितलेली किंमत वाचून ते कोणालाही उमजे.

रात्री बहुतेक घरांत पश्चिम जर्मनीचा दूरदर्शन लागे. सकाळचे पत्र आणि रात्रीची बातमी यांची वजाबाकी करून लोक आपापले सत्य काढीत. पूर्वेला ड्रेस्डेनच्या आसपास मात्र पश्चिमेच्या लहरी पोचत नसत. त्या भागाला थट्टेने ‘अजाणांचे खोरे’ म्हणत. तिथल्या माणसाला जिल्ह्याचे पत्र हीच खिडकी, आणि तिला आतून रंग दिलेला.

कोणते दिवस साजरे होतात यापेक्षा कोणते गाळले जातात, यात मला अधिक रस वाटू लागला. १७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीतले कामगार कामाचे प्रमाण वाढवल्याच्या रागाने रस्त्यावर आले आणि सोव्हिएत रणगाड्यांनी त्यांना मागे रेटले. लाइपझिगमध्येही गोळीबार झाला, माणसे मेली. पश्चिम जर्मनीने तो दिवस १९५४ पासून राष्ट्रीय सुटीचा केला. पूर्वेच्या पत्रांत त्याची आठवण निघालीच तर फासिस्टांनी रचलेले बंड म्हणून. १९६७ साली पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा त्याची भरपाई म्हणून काही सुट्या कापल्या. त्यात मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस गेला, आणि हिटलरच्या पाडावाचा ८ मे हा दिवसही गेला. गंमत अशी की १९८३ साली ल्यूथरची पाचशेवी जयंती आली तेव्हा तिच्या सरकारी समितीचे अध्यक्ष होते खुद्द होनेकर! ज्याला राजेरजवाड्यांचा चाकर म्हणून हिणवले होते तो भिक्षू एकाएकी पुरोगामी ठरला आणि पत्रांनी त्याला पानेच्या पाने दिली. परदेशी पाहुणे येणार होते, परकीय चलन येणार होते. सणाचे कारण असे दर वेळी आकाशातूनच पडते असे नाही.

रोझा लुक्झेम्बुर्गची पुण्यतिथी दर जानेवारीत सरकारी थाटाने होई. १७ जानेवारी १९८८ रोजी बर्लिनच्या त्या मिरवणुकीत काही तरुण तिचेच एक वाक्य फलकावर लिहून निघाले. वेगळा विचार करणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दलचे ते वाक्य घोषणांच्या यादीत नव्हते. शंभरावर लोकांना अटक झाली. जिच्या स्मरणार्थ मिरवणूक, तिचेच वाक्य घेऊन येण्याबद्दल अटक! तिच्या जुन्या पत्राने, लाइपझिगच्या, या बाबतीत तिची बाजू घेतली नाही एवढे सांगितले म्हणजे पुरे.

असो. आता १९८९ कडे येतो, कारण त्या वर्षी प्रजासत्ताकाचा चाळिसावा वाढदिवस होता. मे महिन्यात स्थानिक निवडणुका झाल्या, सरकारी उमेदवारांना ९८.८५ टक्के मते पडल्याचे छापून आले. काही नागरिकांनी मतमोजणीला उभे राहून आकडे टिपले होते, ते जुळेनात. उन्हाळ्यात हंगेरीची सरहद्द सैल झाली आणि तरुण कुटुंबे हजारोंनी पळू लागली. २ ऑक्टोबरला सर्व पत्रांतून एकच टिपण आले: गेले त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. ही ओळ होनेकरांनी स्वतः घातली असे पुढे उघड झाले. ज्या घरातला मुलगा गेला आहे त्या घरात हे सकाळच्या न्याहारीला वाचायचे! बाई म्हणाल्या की त्या दिवशी त्यांच्या शेजारणीने पत्र घेणे बंद केले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग ६ ऑक्टोबरचा लाइपझिगचा अंक. त्यातला एक मजकूर पाहण्यासाठीच मी खरे तर ती फाइल मागवली होती. १९५३ च्या उठावानंतर कारखान्याकारखान्यांत कामगारांची सशस्त्र पथके उभारली होती. अशा एका पथकाच्या नायकाच्या सहीचे ते पत्र. राष्ट्रद्रोही कारवाया आता खपवून घेणार नाही, समाजवादाचे रक्षण करण्यास आम्ही सिद्ध आहोत, वेळ पडल्यास हातात शस्त्र घेऊन, असा त्याचा आशय. सणाच्या आदल्या दिवशीचा अंक! मजकूर वाचकाच्या पत्राचा, स्वर हुकमाचा. दर सोमवारी निकोलाय चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना होत आणि मग लोक बाहेर मिरवणूक काढीत. त्यांना उद्देशून ते होते. चार महिन्यांपूर्वीच, जूनमध्ये, चीनच्या तियानानमेन चौकात काय झाले ते सर्वांना ठाऊक होते.

बाईंचे यजमान यंत्रे बनवण्याच्या कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या पथकात त्यांचे नाव होते. नाव असावे लागे, बढतीला बरे पडे. त्या सकाळी त्यांनी आयुष्यात प्रथमच पत्र पहिल्या पानापासून वाचायला घेतले. पत्रात ‘आम्ही’ असे लिहिले होते. “यांना विचारायला कोण आले होते?” असे ते दोनदा म्हणाले आणि कामावर गेले. बाईंची मोठी मुलगी तेव्हा निकोलाय चर्चला जात असे, घरात हे माहीत होते, बोलत कोणी नव्हते.

७ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये संचलन झाले. आदल्या रात्री तरुण संघटनेची मशालींची मिरवणूक झाली. निवडून आणलेली, गणवेशातली पोरे व्यासपीठाखाली आली आणि शेजारी उभ्या असलेल्या गोर्बाचेव्हच्या नावाचा लाडका उच्चार करीत ओरडू लागली. यजमान होनेकर, जयजयकार पाहुण्याचा. त्याच ७ तारखेला दक्षिणेकडे प्लाउएन या सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीच्या गावात पंधरा हजारांहून अधिक लोक जमले. त्यांच्यावर आगीचे बंब आणून पाण्याचा मारा केला. पश्चिमेच्या दूरदर्शनचा कॅमेरा तिथे नव्हता, म्हणून जगाला ते फारसे कळले नाही. सणाच्या पानांवर मात्र नेहमीचे हात, नेहमीचे हसू.

९ तारीख सोमवार. शहरात बोलवा होती की रुग्णालयांत रक्ताचा साठा वाढवला आहे, खाटा मोकळ्या केल्या आहेत. शाळा-कचेऱ्यांतून सांगितले, संध्याकाळी गावाच्या मध्यभागी फिरकू नका. पक्षाचे काहीशे सभासद दुपारीच चर्चमध्ये नेऊन बसवले, म्हणजे प्रार्थनेला येणाऱ्यांना जागा मिळू नये. पाद्री क्रिस्टियान फ्यूरर यांनी त्यांचेही स्वागत केले. सायंकाळी शहरभर बसवलेल्या ध्वनिक्षेपकांवरून गेवांडहाउस वाद्यवृंदाचे प्रमुख कुर्ट माझुर यांचा आवाज आला. त्यांनी, आणखी दोन नागरिकांनी आणि जिल्हा पक्षाच्या तीन चिटणिसांनी मिळून केलेले निवेदन त्यांनी वाचले: शांत राहा, म्हणजे बोलणे शक्य होईल. तिघे चिटणीस त्याच पक्षाचे, ज्याच्या पत्राने तीन दिवसांपूर्वी शस्त्राची भाषा छापली होती. सुमारे सत्तर हजार माणसे शहराच्या वळणरस्त्यावरून चालत गेली. गोळी सुटली नाही. चर्चच्या एका मनोऱ्यावर लपून बसलेल्या दोघा तरुणांनी त्याचे चित्रण केले, ते सरहद्दीपलीकडे पोचवले आणि १० तारखेला पश्चिमेच्या दूरदर्शनवर ते दिसले.

बाईंचे यजमान त्या संध्याकाळी पथकाच्या हजेरीला गेले नाहीत. दात दुखतो असा निरोप त्यांनी पाठवला. पथकांतले असे दात त्या दिवशी पुष्कळ दुखले असावेत, कारण अनेक ठिकाणी बोलावलेली माणसे आलीच नाहीत. ते स्वयंपाकघरात बसून राहिले, मुलगी साडेनऊला घरी आली, तोवर त्यांनी बायकोशी एक शब्दही बोलला नाही. “मग?” मी विचारले. “मग काय,” बाई म्हणाल्या, “सूप गरम केले.”

१८ ऑक्टोबरला होनेकर गेले, त्यांच्याबरोबर पक्षाचा प्रचारप्रमुखही गेला. ९ नोव्हेंबरला भिंत उघडली. त्या आठवड्यांतले जिल्ह्यांच्या पत्रांचे अंक चाळताना मौज वाटते आणि थोडी कीवही येते. वाचकांची पत्रे छापू लागली, ती रकाने ओलांडून पानभर झाली. ज्या हातांनी चाळीस वर्षे पदव्या लिहिल्या त्या हातांना साधी बातमी लिहिता येईना. वाक्य मध्येच जुन्या वळणावर जाई आणि अडखळे. त्यांना हसण्यापूर्वी मी आपल्याकडची पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आठवून पाहिली. आपल्याकडे ती पैसे घेऊन छापतात, सक्तीने नव्हे, आणि शेजारच्या पानावर त्याच पुढाऱ्यावर टीका असू शकते. फरक मोठा आहे. तरी छायाचित्रांतल्या चेहऱ्यांचा क्रम लावणाऱ्याचे कष्ट सारखेच असावेत.

पुढे जिल्हे मोडून जुनी राज्ये परत आली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले आणि तो दिवस नवा राष्ट्रीय सण ठरला. ७ ऑक्टोबरला कामावर जायचे. जिल्ह्यांची पत्रे पश्चिमेच्या मोठ्या प्रकाशकांनी विकत घेतली. ‘जनता’ आणि ‘स्वातंत्र्य’ यांनी नावे बदलली, ‘मोकळा शब्द’ आणि ‘स्वतंत्र वृत्तपत्र’ यांनी बदलली नाहीत. पश्चिमेकडची बडी पत्रे इकडे फारशी रुजली नाहीत. लोक आपल्या जिल्ह्याचेच पत्र घेत राहिले, मृत्यूच्या वार्ता आणि छोट्या जाहिराती तिथेच असत.

लाइपझिगमध्ये २००९ पासून ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दिव्यांचा उत्सव होतो. मैदानात ८९ या आकड्याच्या आकारात लोक मेणबत्त्या ठेवतात. मी होतो त्या वर्षी बाईंना गुडघ्यामुळे जाता आले नाही. दोन मेणबत्त्या माझ्याजवळ दिल्या, एक यजमानांच्या नावाची. वारा होता, एक लावता लावता तीनदा विझली. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आले तेव्हा पहिल्या पानावर त्या आकड्याचे मोठे छायाचित्र होते. बाईंनी चष्मा लावला, पत्र उलटे केले आणि मागच्या पानावरच्या मृत्यूच्या वार्ता वाचू लागल्या.